बॅटरीची वर्गणी

आमच्या आण्णांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या बोलण्यात 1956 साल फार वेळा यायचं. त्या वर्षी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि दिली, विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ जोडून मुंबईचं मोठं द्विभाषिक राज्य झालं. आण्णांना हे सगळं ठाऊक होतं, पण त्यांच्या सांगण्याची सुरुवात नेहमी एकाच वाक्यानं व्हायची: "त्या साली चावडीत रेडिओ आला."

आमचं गाव माणदेशातलं, तेव्हाच्या उत्तर सातारा जिल्ह्यातलं. गावात वीज नव्हती. चावडीच्या भिंतीला खुंट्या ठोकून फळी बसवली, तिच्यावर पेटीएवढा रेडिओ ठेवला आणि त्याची तार समोरच्या लिंबाच्या शेंड्यापर्यंत नेली. संध्याकाळी धारा काढून झाल्या की माणसं जमायची. अर्धा तास सगळे ऐकायचे आणि कार्यक्रम संपला की खरी बैठक सुरू व्हायची. ऐकलेलं आपल्या रानात चालेल का, खर्च किती, पाणी कुठून आणायचं, यावर दिवा विझेपर्यंत वाद चालायचे. या ऐकणाऱ्यांच्या मंडळाला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस होता. चिटणीस म्हणजे शाळेतले गुरुजी. ते वहीत शंका लिहून घ्यायचे आणि पुण्याच्या आकाशवाणीला पाठवायचे. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्या शंकेचं उत्तर यायचं. "रेडिओनं आमच्या गावाचं नाव घेतलं," हे आण्णा ऐंशी वर्षांचे झाल्यावरसुद्धा ताठ बसून सांगायचे.

लहानपणी मला ही गावातली एक हकिगत वाटायची. मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं, की आमची चावडी एका मोठ्या प्रयोगाचा भाग होती. पुणे आकाशवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झालं होतं. युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत रेडिओ शेतकरी मंडळं चालवली. आठवड्यातून दोन, असे 20 कार्यक्रम झाले. ऐका, चर्चा करा आणि कामाला लागा, हे त्यामागचं सूत्र कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांकडून आलेलं. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याची पाहणी केली आणि पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञानं अहवाल लिहिला. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा रेडिओ ऐकून एकत्र बोलणाऱ्या गावांना कितीतरी जास्त उमजलं, हा त्याचा निष्कर्ष होता. निरक्षर माणसंही त्यात मागे राहिली नव्हती. तीन वर्षांनी, 1959 मध्ये, ही मंडळं देशभर नेण्याचं ठरलं.

अहवालात नसलेली गोष्ट आण्णांकडे होती. ती बॅटरीची. रेडिओ चालायचा बॅटरीवर, आणि ती उतरली की चार्ज करायला तालुक्याला न्यावी लागायची. प्रयोग चालू होता तोवर वरून माणूस यायचा, दुरुस्ती व्हायची. प्रयोग संपला आणि त्या माणसाच्या खेपा थांबल्या. मग गावानं ठरवलं, की खळं झालं की घरटी एक पायली ज्वारी रेडिओला द्यायची. ती ज्वारी बाजारात विकून बॅटरीचा आणि एस.टी.च्या हमालीचा खर्च निघायचा. हिशेब चावडीत सर्वांसमोर वाचला जायचा. दुष्काळाच्या साली ज्यांची खळीच झाली नाहीत त्यांच्याकडे कोणी मागायला गेलं नाही. ज्यांच्या विहिरींना पाणी होतं त्यांनी दोन पायल्या दिल्या. आण्णा म्हणायचे, "सरकारचा होता तवर आम्ही ऐकत होतो. ज्वारी दिली तवापासनं आम्ही त्याला जाब इचारायला लागलो."

आमच्या आजीची आठवण मात्र वेगळी होती. चावडीत बाया जात नसत. ती आणि तिच्या जावा शेजारच्या घराच्या पडवीत बसून भिंतीपलीकडचं ऐकायच्या. कार्यक्रम शेताचा, पण कोंबड्या, बियाणं, शेणखत ही सगळी कामं बायांच्या हातची. "समदं आमचंच काम, आन् पुसत होते गड्यांना," असं ती म्हणायची. ज्वारीची पायली कणगीतून काढून द्यायची ती आजीच, तिला शंका मात्र विचारता येत नव्हती. त्या 150 गावांच्या गौरवशाली प्रयोगातली ही उणीव मला आजीमुळे कळली.

पुढे ट्रान्झिस्टर आले. घरोघरी आपापला रेडिओ झाला. त्यासाठी पोस्टात लायसन्सचे वर्षाला 15 रुपये भरायचे आणि पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. 1980 च्या दशकात तेही संपलं. त्याआधीच, 1963 साली, सांगलीचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं, बाजारभाव आणि भजनं जवळून ऐकू येऊ लागली. पण चावडीतलं मंडळ मोडलं होतं. लिंबावरची तार गंजून तुटली, कोणी ती परत बांधली नाही. ऐकणारे हजारोंनी वाढले. एकत्र बसून उलटं विचारणारे उरले नाहीत.

बऱ्याच वर्षांनी ती बैठक कायद्याच्या वाटेनं परत आली. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयानं क्रिकेटच्या प्रक्षेपणाबद्दलच्या एका खटल्यात सांगितलं, की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यानंतरही गावाच्या हातात माइक यायला वेळ लागला. आधी शिक्षणसंस्थांना आपलं छोटं रेडिओ केंद्र चालवण्याची परवानगी मिळाली. 2004 साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातून पहिलं सामुदायिक रेडिओ केंद्र बोलू लागलं. 2006 च्या धोरणानं स्वयंसेवी संस्थांना दार उघडलं. ऑक्टोबर 2008 मध्ये आजच्या तेलंगणातल्या जहीराबादजवळ डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचा संगम रेडिओ सुरू झाला. तो चालवणाऱ्या दलित शेतकरी बाया. त्याच वर्षी आमच्या माणदेशात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली, तीही बायकांसाठी उभ्या राहिलेल्या संस्थेची. आजी तेव्हा नव्हती. पडवीतली बाई स्टुडिओत जाऊन बसली, हे तिला सांगायचं राहून गेलं याची मला आजही हळहळ वाटते.

आमच्या भागातल्या अशाच एका छोट्या केंद्राच्या कामात मी गेली काही वर्षं आहे. प्रक्षेपक जास्तीत जास्त 100 वॅट ताकदीचा, मनोरा फार तर 30 मीटर उंच. आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो, डोंगर आडवा आला की तेवढाही नाही. निम्मे कार्यक्रम तरी इथलेच हवेत, असा नियम आहे. बातम्या फक्त आकाशवाणीच्याच, त्याही जशाच्या तशा. पण पाऊस कधी, टँकर कुठे, लाइट किती वाजता जाणार, प्रवेशाची तारीख कोणती, यात्रेची वाट कुठून वळवली, हे सांगता येतं. दहा-पंधरा किलोमीटरच्या मुलखात माणसाला रोज लागणारं बहुतेक सगळं यात येतं.

केंद्राचं वर्ष पंचांग आणि पाऊस मिळून ठरवतात. मृगात बियाण्याची फसवणूक कशी ओळखायची, पावती का जपून ठेवायची, हे सांगतो. आषाढी जवळ आली की ज्ञानोबांच्या पालखीच्या वाटेवर, फलटण-बरडच्या बाजूला, आमची पोरं रेकॉर्डर घेऊन जातात आणि वारकऱ्यांकडून गावोगावची पिकं, पाऊस, दिंडीची जुनी व्यवस्था विचारून घेतात. श्रावणात पंचमीची गाणी, झिम्मा-फुगड्या. मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ निघतो, तेव्हा चुकलेल्या पोरांची नावं सांगण्यापासून दुकानांच्या जाहिरातींपर्यंत सगळी धांदल. थंडीत म्हाताऱ्यांचं ध्वनिमुद्रण: धनगरांच्या ओव्या, गजीनृत्याचे ढोल, 1972 च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडलेल्या बायांच्या आठवणी. उन्हाळ्यात पाणी, चारा आणि लग्नं.

सगळ्यात जड काम पैशांचं. वीजबिल, प्रक्षेपकाची दुरुस्ती, बोलणाऱ्या मुलामुलींचं मानधन, लहरी वापरण्याची वार्षिक फी. 2012 मध्ये ही फी 19,700 रुपयांवरून 91,000 वर नेण्याचं ठरलं, तेव्हा देशभरच्या केंद्रांनी एकत्र येऊन विरोध केला आणि ती वाढ मागे घ्यायला लावली. जाहिरातींना पूर्वी तासाला 5 मिनिटं होती, मग 7 झाली, 2024 मध्ये 12 झाली. सरकारी जाहिरातीचा दरही दहा सेकंदांना 52 रुपयांवरून 74 वर गेला. हे चांगलंच झालं. पण सरकारी जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो, आणि आमच्या बाजारपेठेतला दुकानदार 12 मिनिटं भरतील एवढ्या जाहिराती आणणार कुठून? दिवाळी आणि यात्रा सोडली तर त्याचंही वर्ष कोरडंच जातं.

म्हणून आम्ही वर्षभर थोडं थोडं गोळा करतो. यात्रेत पावतीपुस्तक घेऊन फिरतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा, दहावीच्या पोरांचं कौतुक, नव्या पिठाच्या गिरणीची माहिती यांचे माफक पैसे घेतो. बचतगटांच्या बाया दिवाळीच्या फराळाची विक्री करून त्यातला वाटा केंद्राला देतात. मुंबईत माथाडी कामगार असलेली आमच्या भागातली माणसं गावी आली की वर्गणी देतात, कारण त्यांच्या घरचे म्हातारे केंद्राचे श्रोते असतात. सुगीत कोणी ज्वारी देतं, कोणी बाजरी. एका प्रौढ शेतकऱ्यानं पोतं उतरवताना सांगितलं, "तुमी टँकरची येळ सांगितली, माझ्या म्हातारीचं दोन तास उन्हात उभं राहाणं वाचलं." जाहिरातीचं कुठलंही दरपत्रक या वाक्याची किंमत ठरवू शकणार नाही.

मार्च संपला की आम्ही वर्षाचा हिशेब रेडिओवरून वाचतो. किती आले, कुठून आले, कशावर गेले, किती देणं राहिलं. दुसऱ्या दिवशीपासून फोन सुरू होतात: दुरुस्तीला एवढे का लागले, आमच्या वस्तीवर कार्यक्रम का केला नाही, रात्रीचं भजन बंद का केलं. काही फोन चिडलेले असतात. मला त्यांचा फार आधार वाटतो. आण्णा सांगत तो जाब हाच. आता तो बायाही विचारतात, बऱ्याचदा पुरुषांपेक्षा जास्त नेमका.

1956 च्या प्रयोगाचा अभ्यास जगभर झाला, पुस्तकं निघाली, मंडळं हजारोंनी वाढली आणि तरी ती टिकली नाहीत. त्याची कारणं अनेक असतील. माझ्या घरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं कारण मला सगळ्यात खरं वाटतं: वरून आलेली वस्तू वरचा हात आखडला की थांबते. अनुदान हवंच, सरकारी जाहिरातीही हव्यात, मोठ्या संस्थांची मदतही हवी. पण केंद्राच्या खर्चात ऐकणाऱ्यांच्या खिशातला छोटासा का होईना नियमित वाटा असला पाहिजे. तो वाटा असेल तर केंद्र गावाला बांधील राहतं, नसेल तर देणगीदाराला.

देशात आज अशी पाचशेच्या आसपास केंद्रं आहेत. महाराष्ट्रात बारामतीपासून नाशिकपर्यंत कुठे ना कुठे तुमच्या जवळही एखादं असेल. तिथे एकदा जा. हिशेब मागा, तो दाखवला तर वर्गणी द्या आणि पावती घ्या. जाताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या, माइकसमोर बसवा आणि त्यांना आठवतंय ते सांगू द्या. पैशांची मदत पुढच्या वर्षीही करता येईल, पण म्हाताऱ्यांच्या सांगण्याला उशीर करू नका.