लिनक्सवर मोबाईलचा व्हिडिओ का चालत नाही?

समजा, आखाडा बाळापूरच्या एका लग्नात तुम्ही मोबाईलवर व्हिडिओ काढला. मोबाईलवर तो मस्त चालतो. पण घरच्या जुन्या लॅपटॉपवर फेडोरा लिनक्स टाकलंय आणि तिथे नुसता आवाज येतो, चित्र दिसत नाही. फाईल खराब झाली समजून डिलीट करू नका! अडचण फाईलची नाही, पेटंटची आहे.

कोडेक म्हणजे काय?
व्हिडिओ साठवताना दाबून लहान करायचा आणि बघताना पुन्हा उलगडायचा, हे काम कोडेक करतो. बरेच नवे फोन एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी हा प्रकार वापरतात.

लिनक्समध्ये तो का नसतो?
या तंत्रावर अनेक कंपन्यांची पेटंट आहेत. वापरायचं तर रॉयल्टी भरावी लागते. फोनच्या बाबतीत हा खर्च किमतीतच धरलेला असतो. लिनक्स मात्र फुकट आहे आणि कुणीही कॉपी करून वाटू शकतं. मग कॉप्या मोजणार कोण आणि पैसे भरणार कोण? फेडोरामागे रेड हॅट ही अमेरिकन कंपनी आहे. त्यामुळे खटल्याची जोखीम टाळण्यासाठी २०२२ मध्ये फेडोराने ग्राफिक्स कार्डाच्या मदतीने एच.२६४ आणि एच.२६५ चालवण्याची सोयही काढून टाकली.

हे कायमचं आहे का?
नाही. पेटंटची मुदत संपते. एमपी३ची लायसन्स योजना २०१७ मध्ये बंद झाली आणि त्यानंतर फेडोरात एमपी३ची पूर्ण सोय आली.

भारतात काय?
पेटंट कायदा १९७०, कलम ३(के) प्रमाणे नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. पण यंत्राशी जोडलेल्या तंत्राला मिळू शकतं. म्हणून 'आपल्याकडे सगळं मोकळं' असं धरून चालू नका.

मग करायचं काय?
१. उबंटू इन्स्टॉल करताना मीडिया फॉरमॅटच्या सपोर्टचा पर्याय निवडा. नंतरही 'उबंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज' हे पॅकेज टाकता येतं.
२. फेडोरावर 'आरपीएम फ्यूजन' जोडून कोडेक घ्या, किंवा फ्लॅटहबवरून व्हीएलसी टाका.
३. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एचईव्हीसी किंवा 'हाय एफिशियन्सी' बंद करा. पुढचे व्हिडिओ एच.२६४ मध्ये निघतील. फाईल थोडी मोठी होईल, पण जास्त ठिकाणी चालेल.