दातांच्या उपचारांसाठी विमा निवडताना: दिल्ली-एनसीआरमधील लाभार्थ्यांसाठी माहिती

दाढ दुखू लागली की आयुष्मान कार्ड घेऊन रुग्णालयात जावे आणि तिथे "हे या कार्डात बसत नाही" असे ऐकून परतावे, असे अनेकांच्या बाबतीत घडते. म्हणून दातांसाठी वेगळा विमा घेण्याआधी आपल्याकडील कार्डावर काय मिळते, हे तपासून घ्या.

आयुष्मान भारत (पीएम-जय)

ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार यात होतात. दिल्ली एप्रिल २०२५ मध्ये या योजनेत सामील झाली. येथील पात्र कुटुंबांना दिल्ली सरकारकडून आणखी ५ लाखांचे संरक्षण मिळते.

• मिळते: जबड्याचे फ्रॅक्चर, तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, दुभंगलेले ओठ किंवा टाळू यांवरील शस्त्रक्रिया.
• मिळत नाही: कीड लागलेला दात भरणे, नेहमीचे रूट कॅनॉल, दात सरळ करणे, ओपीडीतील तपासणी.

पीएम-जय पात्र कुटुंबाने गावी काढलेले कार्ड दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम व फरिदाबाद येथील अंगीकृत रुग्णालयांतही चालते. दाखल होण्यापूर्वी तेथील आयुष्मान मित्राला भेटा.

ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा)

कारखाना, दुकान किंवा ठेकेदाराकडे काम करत असाल आणि पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर पगारपत्रक पाहा. त्यात ईएसआयची ०.७५ टक्के कपात असेल तर तुम्ही विमाधारक आहात. या योजनेत ओपीडीचे उपचारही मिळतात, त्यामुळे दातांच्या रोजच्या तक्रारींसाठी ती अधिक उपयोगी आहे. जोडीदार, मुले व अवलंबित आई-वडील यांनाही लाभ मिळतो. प्रथम नेमून दिलेल्या दवाखान्यात जा आणि गरजेनुसार पुढील चिठ्ठी घ्या. रोहिणी येथे ईएसआयसीचे दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे.

कोणताही विमा नसल्यास

• दिल्ली गेटजवळील मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था हे दिल्ली सरकारचे दंत रुग्णालय आहे. एम्समध्येही दंत केंद्र आहे. सरकारी रुग्णालयांतील खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी असतो. मात्र रांग मोठी असते, सकाळी लवकर जावे.
• सवलतीत सरकारी जमीन मिळालेल्या दिल्लीतील ठरावीक खासगी रुग्णालयांना २५ टक्के ओपीडी व १० टक्के खाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल रुग्णांसाठी मोफत ठेवाव्या लागतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तसा आदेश दिला आहे. तिथे दंत विभाग आहे का, हे आधी विचारा. रेशन कार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा.

खासगी विमा घेण्यापूर्वी

साध्या आरोग्य विम्यात "दंत उपचार" असे लिहिलेले असले, तरी बहुधा ते अपघात किंवा आजारामुळे दाखल व्हावे लागल्यासच लागू असते. दात भरणे किंवा रूट कॅनॉल हवे असेल, तर दंत-ओपीडीची जोडसुविधा आहे का, ते पाहा. एजंटला पुढील प्रश्न विचारा:

१. रूट कॅनॉल, दाढ काढणे, कॅप आणि कवळी यांपैकी नेमके काय मिळते?
२. प्रतीक्षा कालावधी किती? आधीपासून असलेल्या आजारासाठी तो ३ वर्षांपर्यंत असू शकतो.
३. वर्षाला जास्तीत जास्त किती पैसे मिळतात आणि बिलाचा किती भाग स्वतः भरायचा?
४. आपल्या घराजवळचा कोणता दवाखाना यादीत आहे?

उत्तरे तोंडी घेऊ नका, ग्राहक माहिती पत्रकात दाखवायला सांगा.

उदाहरण: समजा, वार्षिक हप्ता २,५०० रुपये आहे आणि बिलाचा २० टक्के भाग तुम्ही भरायचा आहे. रूट कॅनॉलचे बिल ३,००० रुपये झाले, तर विमा कंपनी २,४०० रुपये देईल, म्हणजे हप्त्यापेक्षाही १०० रुपये कमी. वर्षात एखादाच उपचार लागणार असेल, तर तेवढी रक्कम बाजूला ठेवून सरकारी दंत रुग्णालयात जाणे परवडते. घरात अनेकांच्या दातांचे काम बाकी असेल, तर असाच हिशेब सर्वांचा मिळून करून पाहा.

पॉलिसी पसंत न पडल्यास मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

लक्षात ठेवा: तोंडातील जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तोंड पुरेसे उघडत नसेल किंवा तंबाखू-गुटख्याची सवय असेल, तर विम्याची वाट न पाहता लगेच तपासणी करा.

मदत क्रमांक

• आयुष्मान भारत: १४५५५
• ईएसआयसी: १८००-११-२५२६
• विमा कंपनीविरुद्ध तक्रार (विमा नियामक): १५५२५५. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून तिची पोच जपून ठेवा.