भार वाहणारी काच

इंग्लंडच्या मध्यभागातील स्टावरब्रिज परिसरात काचकामाची परंपरा सतराव्या शतकापासून चालत आली आहे. फ्रान्सकडील लोरेन प्रांतातून आलेल्या कारागिरांनी तेथे भट्ट्या मांडल्या. आणि 1615 मध्ये काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास मनाई करणारे राजाचे फर्मान निघाल्यावर, दगडी कोळसा व भट्टीच्या भांड्यांना योग्य अशी माती एकाच ठिकाणी लाभलेल्या या मुलखाचे भाग्य उजळले. याच परिसरात, किंग्जविनफर्ड येथील ब्रॉडफील्ड हाउस काचसंग्रहालयाच्या जुन्या विटांच्या इमारतीला 1994 मध्ये जो नवा प्रवेशमंडप जोडण्यात आला, त्याचे छप्पर, स्तंभ आणि तुळया ही सर्व काचेचीच होती, आणि तुळई जेथे स्तंभावर टेकते तेथील सांधाही सुतार लाकडाला खाच पाडून जोडतो त्याच रीतीचा होता.

या टप्प्यापर्यंत येण्यास इतका विलंब का लागला, हे समजण्यासारखे आहे. 1851 च्या लंडनमधील स्फटिकप्रासादात काचेची रेलचेल होती, पण भार वाहण्याचा अधिकार लोखंडाकडेच राहिला. काच दाब उत्तम सोसते. ताणाखाली मात्र ती पूर्वसूचना न देता फुटते. या दुबळेपणाचे मूळ ए. ए. ग्रिफिथ यांनी 1921 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात उलगडून दाखविले : काचेचा पदार्थ मुळात अत्यंत बलवान असून, तिच्या पृष्ठभागावरील डोळ्यांस न दिसणाऱ्या भेगा तिचा घात करतात. काचेचा धागा जितका बारीक, तितके त्याचे बळ अधिक, आणि अतिसूक्ष्म धागा जाड कांडीच्या जवळजवळ 20 पट ताण सोसतो, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. माझ्या मते, काचेच्या तुळईचा खरा इतिहास या निबंधापासून मोजावा.

दुसरा धागा फ्रान्समधून येतो. एदुआर बेनेडिक्टस या चित्रकार-रसायनज्ञाच्या हातून 1903 मध्ये एक चंबू खाली पडला, आणि आत वाळून बसलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने त्याचे तुकडे एकत्र धरून ठेवले, असे सांगतात. 1909 मध्ये त्यांनी थरांच्या काचेचे, म्हणजे दोन काचांच्या मध्ये असा पापुद्रा चिकटविलेल्या काचेचे, पेटंट घेतले. तो पापुद्रा उन्हाने पिवळा पडे, म्हणून पुढे 1930 नंतरच्या दशकात त्याची जागा पॉलिव्हिनिल ब्युटिरलने घेतली, आणि मोटारींच्या काचांतून हा पदार्थ हळूहळू स्थापत्यात आला.

तुळईत मात्र या थरांचे कार्य निराळे आहे, आणि तेथेच विषयाचे मर्म आहे. काचेच्या पट्ट्या उभ्या, एकमेकींना चिकटून बसविलेल्या असल्यामुळे खालच्या दिशेने येणारा भार सर्व पट्ट्या आपापल्या परीने वाटून घेतात. त्या वाकण्याशी मधल्या थराचा संबंध अल्पच येतो. पण उंच आणि अरुंद तुळई भाराखाली आडवी कलून पिळवटू पाहते, तेव्हा पट्ट्यांना एकत्र राखणे त्या थरावर अवलंबून असते, आणि तो थर उष्णतेने व दीर्घकाळच्या भाराने मऊ पडत असल्याने ऋतुमान व भाराची मुदत हीही गणितात धरावी लागतात. ताण सर्वाधिक खालच्या कडेशी, आणि कापण्यामुळे पडलेल्या भेगाही त्याच कडेशी. म्हणून कडा घासून गुळगुळीत करण्याच्या कामाला किरकोळ समजणारा कारखानदार इमारतीचाच घात करतो. तापवून झपाट्याने थंड केलेली कणखर काच अधिक ताण सोसते खरी, परंतु फुटली की तिचा बारीक चुरा होतो आणि थरात अडकलेला तो चुरा फारसा भार घेत नाही. साधी काच मात्र मोठ्या तुकड्यांत तडकते व ते तुकडे एकमेकांत अडकून दाब वाहत राहतात.

हे ध्यानात आल्यावर अभियंत्यांनी काच फुटणारच असे गृहीत धरूनच हिशेब मांडण्यास आरंभ केला : एखादी पट्टी फुटली तरी उरलेल्या पट्ट्यांनी छप्पर सांभाळले पाहिजे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठातील संशोधकांनी तर, काँक्रीटमध्ये सळई घालावी त्याप्रमाणे, ताणाच्या कडेला न गंजणाऱ्या पोलादाची बारीक पट्टी थरांत चिकटवून पाहिली. काच तडकताच ताण पोलाद उचलते, तुळई ठळकपणे झुकून इशारा देते, आणि पहिला तडा पडला त्या वेळेपेक्षाही अधिक भार ती पेलू शकते, असे त्या प्रयोगांत आढळले.