पायधुणी आणि रहदारी

‘रहदारी’ हा शब्द उच्चारताच आज मनुष्याच्या डोळ्यांपुढे मोटारींची रांग उभी राहते. परंतु ज्या फारसी दफ्तरांतून तो आपल्याकडे आला, तेथे ‘राहदार’ म्हणजे वाट राखणारा इसम होता, आणि त्याने वाटसरूकडून जकात घेऊन त्याबदल्यात त्यास निर्वेध जाऊ द्यावे, या व्यवस्थेस राहदारी अशी संज्ञा होती. या जकातीपायी रयतेवर जुलूम पुष्कळ झाला, आणि औरंगजेबासही ती माफ केल्याचे फर्मान काढावे लागले. तथापि वाट चालणाऱ्यास सुखरूप पोहोचविणे हे सत्तेचे कर्तव्य आहे, ही त्या शब्दाच्या मुळाशी असलेली भावना लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुंबईच्या रस्त्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा वृत्तान्त पाहू गेल्यास, हे कर्तव्य पाळताना सत्तेने कधी बलिष्ठास बांधले आणि कधी दुर्बळास, एवढ्याच एका प्रश्नाभोवती तो फिरताना आढळतो.

या शहरात पायी चालणाऱ्याचे नाव धारण करणारा एक भाग अद्यापि आहे. भरतीचे पाणी बेटांच्या मधून आत शिरत असे त्या काळी, चिखल तुडवीत आलेला वाटसरू ज्या ओहोळाशी थांबून पाय धुई, ती जागा पायधुणी, असे परंपरा सांगते. पुढे महालक्ष्मीजवळचे खिंडार बांध घालून बुजविले गेले, जमीन कोरडी झाली आणि चिखल गेला. नाव मात्र टिकले. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या दोन वाटा, एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटावरून आणि दुसरी बोरीबंदराहून काळबादेवीमार्गे, याच पायधुणीस येऊन मिळाल्या, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण वाटतो. ट्राम चालविणाऱ्या कंपनीपाशी ९०० घोडे होते. कुलाबा ते पायधुणी हे भाडे आरंभी तीन आणे होते, ते लवकरच दोन आण्यांवर आले. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली आणि घोड्यांची सेवा संपली.

ट्राम मंदगती होती, घणघणाट करी, आणि दांड्यास लोंबकळणाऱ्यांना ती सुरक्षित होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्या अंगी एक गुण असा होता की, ती कोठून जाणार हे पोरासोरांसही ठाऊक असे. रुळांनी तिला जखडलेले होते. उजवीकडे वा डावीकडे हातभर सरकून कोणाच्या अंगावर येण्याचा अधिकार तिला नव्हता. सर्वांत अवजड वाहनाने आपली रेघ सोडावयाची नाही, असा हा लोखंडात लिहिलेला करार होता.

असाच दुसरा करार दगडात लिहिला गेला. १८६०च्या दशकात कोटाच्या भिंती पाडल्यावर जो हॉर्नबी रस्ता, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, रुंद झाला, त्याच्या कडेस इमारती बांधणाऱ्या मालकांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने अशी अट घातली की, तळमजल्यापुढे सलग कमानी सोडून पादचाऱ्यास आच्छादित वाट द्यावी. कोणी गॉथिक धाटणीची इमारत उठविली, कोणी अन्य धाटणीची. पण कमानींची ओळ मोडण्याची कोणास मुभा नव्हती. जूनमधील एखाद्या दुपारी पावसाची सर कोसळत असता बोरीबंदराहून निघावे, छत्री मिटलेलीच काखेत ठेवावी, डाव्या हाताला घड्याळांची आणि चष्म्यांची दुकाने, उजव्या हाताला ओल्या खांबांना टेकलेले पथारीवाले, आणि मधल्या अरुंद वाटेने खांद्याला खांदा घाशीत पुढे सरकावे. गर्दीचा उपद्रव होतो, पण पाणी अंगावर येत नाही. मालकाच्या जमिनीतून पादचाऱ्यासाठी काढलेला हा हिस्सा शतक उलटले तरी बुजलेला नाही.

पुढे मात्र बंधनाची दिशा पालटली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस निघाली. रुळांचा पाश नसल्याने तिला वळता येई, पुढे घुसता येई, आणि तिच्यामागून खाजगी मोटारी वाढत गेल्या. त्याच सुमारास ठिकठिकाणच्या नगरपालिका सायकलीवर कर बसवून बिल्ला देऊ लागल्या होत्या, आणि रात्री दिवा नसला की शिपाई सायकलस्वारास हटकून उतरवी. दिव्याची सक्ती रास्तच होती. परंतु कचेरीहून दमून परतणारा कारकून दिव्यातली वात सारखी करीत शिपायापुढे अजिजी करतो आहे आणि शेजारून मोटार धुरळा उडवीत निघून जाते आहे, हे चित्र त्या काळच्या कितीएक शहरांना परिचयाचे होते. राहदारीचा परवाना आता दुबळ्याच्या गळ्यात आला होता.

ट्राम रहदारीस अडथळा करते, हा आक्षेप बळावत गेला, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. तिला निरोप देण्यास रस्त्याच्या दुतर्फा लोक लोटले होते. ‘दादर टी. टी.’ या नावातील ट्राम टर्मिनस ही अक्षरे आज किती जणांस उलगडतात, कोण जाणे. २००८ पासून तर पादचाऱ्यालाच आकाशमार्गाने धाडण्याची तजवीज झाली. वांद्र्यापासून आरंभ होऊन ठिकठिकाणी पायपूल उभे राहिले, आणि खालचा रस्ता वाहनांना मोकळा करण्यासाठी म्हाताऱ्याकोताऱ्यांनी जिने चढावे असे ठरले.

हुतात्मा चौकाच्या परिसरात अलीकडे खोदकाम चालले असता डांबराखालून ट्रामचे जुने रूळ निघाले, आणि जाणारेयेणारे क्षणभर थबकून पाहू लागले. पायधुणीस मात्र थबकण्यास सवड नसते. तेथे रस्ता ओलांडू पाहणारी एखादी बाई एका हाताने मुलाचे मनगट घट्ट धरते, दुसऱ्या हाताचा तळवा येणाऱ्या मोटारीपुढे उभा करते, आणि नजर न वळविता पाऊल टाकते, मोटार थांबते. शे-दोनशे वर्षांपूर्वी सनद घेऊन नाक्यावर बसणाऱ्या राहदाराचे काम, ती बिचारी बिनपगारी करीत असते.