गढूळ खर्जाला तुरटी

पावसाळ्यात गोदावरीला नवे पाणी आले की गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांत नदीचे पाणी गढूळ होते. अशा पाण्यावरचा जुना उपाय म्हणजे घागरीत तुरटीचा खडा फिरवायचा आणि पाणी निवळू द्यायचे. घागर मोठी घेतली म्हणून पाणी स्वच्छ होत नाही, हे लहान मुलालाही कळते. आवाजाच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच करतो. वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत बँजोवर वाजणारे गाणे ओळखू येईनासे झाले की आवाज वाढवला जातो. गाणे तरीही ओळखू येत नाही, फक्त छातीत धडधड वाढते.

आवाज गढूळ का होतो आणि तो निवळतो कसा, हा प्रश्न विजेवर चालणाऱ्या गिटारीच्या वादकांना गेली सुमारे नव्वद वर्षे पडत आला आहे. त्याच्या उत्तराचा इतिहास मात्र दोनशे वर्षांहून जुना आहे आणि त्यातील एक महत्त्वाचे पान भारतात लिहिले गेले आहे.

एका तारेत अनेक स्वर

ताणलेली तार छेडली की ती केवळ सबंध लांबीने हलत नाही. त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत अशीही कंप पावते. सबंध तारेच्या कंपनाने मूळ स्वर मिळतो. भागांच्या कंपनांनी त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वर मिळतात. त्यांना संनादी म्हणतात. भागांच्या सांध्यावर, म्हणजे निस्पंद बिंदूवर, त्या संनादीपुरती तार स्थिर असते.

१८०० साली इंग्लंडमधील थॉमस यंग यांनी यातून एक नियम दाखवून दिला. ज्या बिंदूवर तार छेडावी, त्या बिंदूवर ज्या संनादींचा निस्पंद असेल ते संनादी आवाजात येत नाहीत. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे सम क्रमांकाचे संनादी गैरहजर राहतात आणि आवाज पोकळ वाटतो. पुढे जर्मनीतील हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात स्वराचा पोत म्हणजे संनादींचे कमीअधिक प्रमाण, ही गोष्ट सविस्तर मांडली.

तारेला कान लावला

तार कोठे छेडावी हा प्रश्न यंग यांच्या काळातला. तार कोठे ‘ऐकावी’ हा प्रश्न विजेमुळे उभा राहिला. फॅरडे यांनी १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला होता. त्याच तत्त्वावर अमेरिकेत जॉर्ज बोशां यांनी १९३१ च्या सुमारास गिटारीसाठी पिकअप बनवला. पोलादी तारेखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढीच त्याची रचना. तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते, वेटोळ्यात अल्पसा विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो. ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या सहकार्याने १९३२ मध्ये ही हवाइयन गिटार विक्रीस आली. तिच्या आकारावरून तिला ‘तवा’ असे टोपणनाव पडले. बोशां यांना पेटंट मिळाले ते १९३७ साली.

आपल्याकडच्या बँजोची कथा याला समांतर आहे. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत अशा गावांच्या मिरवणुकांत ज्याला आपण बँजो म्हणतो, तो अमेरिकन बँजो नव्हे. तो बुलबुलतरंगाचा वंशज आहे, आणि बुलबुलतरंगाचे मूळ जपानमध्ये आहे. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली टंकयंत्रासारखी बटणे असलेले ताइशोगोतो हे वाद्य तयार केले. भारतात ते रुजले आणि पुढे मिरवणुकीच्या गोंगाटात ऐकू यावे म्हणून त्याच्या तारांखालीही चुंबक आणि वेटोळे बसले. गिटार आणि मिरवणुकीतला बँजो यांचे भौतिकशास्त्र अशा रीतीने एकच झाले.

दांडीकडचा कान आणि घोडीकडचा कान

बहुतेक विजेच्या गिटारींना दोन किंवा तीन पिकअप असतात. एक घोडीजवळ, एक दांडीच्या टोकाशी. तार तीच, छेडणारा हात तोच. तरीही दोघांचे आवाज वेगळे. घोडीकडचा तीक्ष्ण, दांडीकडचा भरदार आणि जाड तारांवर बहुधा गढूळ.

याचे कारण साध्या गणिताने सांगता येते. घोडीपासून तारेच्या लांबीच्या ‘क्ष’ इतक्या अंशावर पिकअप असेल, तर ‘न’ क्रमांकाचा संनादी त्याला ज्या प्रमाणात ऐकू येतो ते प्रमाण म्हणजे (न × १८० × क्ष) अंशांची ज्या, म्हणजेच साइन. दांडीकडचा पिकअप ढोबळमानाने एक चतुर्थांश लांबीवर आणि घोडीकडचा एक षोडशांश लांबीवर आहे असे धरू. मोकळ्या तारेच्या मूळ स्वरासाठी दांडीकडे ०.७१ आणि घोडीकडे ०.२० असे आकडे येतात. म्हणजे मूळ स्वर दांडीकडे सुमारे साडेतीन पट जोरात पोचतो. आठव्या संनादीसाठी उलट स्थिती आहे: घोडीकडे पूर्ण १, दांडीकडे शून्य, कारण तेथे त्याचा निस्पंद येतो. एका कानाला धान्य मिळाले, दुसऱ्याला पाखडलेला भुसा. आणि दोन्ही मिळून स्वर होतो.

बोटाने तार दाबून तिची लांबी निम्मी केली की तोच पिकअप उरलेल्या तारेच्या मध्यावर येतो आणि सर्व सम संनादी नाहीसे होतात. म्हणून दांडीकडच्या पिकअपचा आवाज स्वरागणिक बदलत जातो. बटण दाबून तारेची लांबी बदलणाऱ्या बँजोलाही हेच लागू पडते.

गढूळपणाही हवाच होता

हा गढूळपणा कारागिरांची चूक होती असे समजू नये. गिब्सन कंपनीने १९३६ मध्ये काढलेल्या ईएस-१५० या गिटारीला एकच पिकअप होता आणि तो दांडीच्या बाजूस होता. जॅझ वादक चार्ली ख्रिश्चन यांनी तिचा भरदार आवाज लोकप्रिय केला. नंतर रेडिओदुरुस्तीच्या धंद्यातून वाद्यांकडे आलेल्या लिओ फेंडर यांनी आपल्या टेलिकास्टर गिटारीत १९५२ पासून एक खास जोडणी ठेवली. बटण एका बाजूला केले की दांडीकडच्या पिकअपवर धारित्र जोडले जाई आणि वरचे संनादी जमिनीत जात. उरे तो जाड, घुमणारा खालचा आवाज. ही जोडणी १९६७ पर्यंत टिकली.

पण त्याच कंपनीने १९५१ मध्ये खास खर्जासाठी बास गिटार बाजारात आणली होती. वाद्यवृंदात खर्ज सांभाळायला वेगळे वाद्य आल्यावर गिटारीचा खर्ज त्याच जागेत गर्दी करू लागला. एकट्याने वाजवताना जो आवाज ऊबदार वाटे, तोच चौघांत गढूळ ठरला.

खालचा स्वर वरच्याला झाकतो

ही गर्दी कानात कशी होते? अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आल्फ्रेड मेयर यांनी १८७६ साली एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले. खालच्या पट्टीचा जोरदार आवाज वरच्या पट्टीच्या आवाजाला झाकून टाकतो. उलट मात्र सहसा घडत नाही. १९२४ मध्ये वेगेल आणि लेन या टेलिफोन-संशोधकांनी त्याची मोजमापे केली. कानाच्या आत शंखासारख्या नळीत एक पडदा असतो. उंच स्वर त्याच्या सुरुवातीच्या भागाला हलवतात, तर खालच्या स्वरांची लाट हा भाग ओलांडून टोकापर्यंत जाते. म्हणून मोठा खर्ज वाटेतल्या उंच स्वरांच्या जागाही व्यापतो.

येथे आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. गाण्याची ओळख, शब्दांतील व्यंजने, छेडण्याचा टोक हे सारे वरच्या वारंवारतांत असते. सगळाच आवाज वाढवला तर झाकणाराही वाढतो. खर्ज थोडा कमी केला की वरचे आपोआप उघडे पडते.

कमी करण्याची कला

सर्वांत सोपा आणि फुकटचा उपाय पेचकसाचा आहे. दांडीकडचा पिकअप, विशेषतः जाड तारांच्या बाजूने, तारांपासून थोडा खाली घ्यायचा. अंतर वाढले की जाड तारांचा जोर ओसरतो.

दुसरा उपाय धारित्राचा. धारित्र कमी वारंवारतेच्या प्रवाहाला जास्त अडवते. त्यामुळे ते जमिनीशी जोडले तर उंच स्वर निसटतात आणि आवाज मंद होतो. पण प्रवाहाच्या वाटेतच, म्हणजे एकसरीत, जोडले तर खर्ज अडतो. तोच सुटा भाग, जागा बदलली की काम उलटे. फेंडर यांच्या १९६२ मधील जॅग्वार गिटारीत ०.००३ मायक्रोफॅरडचे धारित्र अशा रीतीने बटणाने वाटेत आणता येत असे.

एक उदाहरण करून पाहू. धारित्र ०.००४७ मायक्रोफॅरड आणि पुढचा एकूण रोध २,५०,००० ओहम धरला, तर १ भागिले (२ × पाय × रोध × धारिता) या सूत्राने सीमेची वारंवारता सुमारे १३५ हर्ट्झ येते. गिटारीच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झ असतो. पिकअपचे स्वतःचे गुणधर्म सोडून दिले, तर हा स्वर जवळजवळ निम्मा उरतो. त्याचा आठवा संनादी, सुमारे ६६० हर्ट्झ, ९८ टक्के पार होतो. गाळणीला धार नाही, ती हळूहळू गाळते, म्हणूनच ती कानाला सहन होते.

तंबोऱ्याचा वेगळा मार्ग

खर्ज स्पष्ट करण्याचा आणखी एक मार्ग आपल्या कारागिरांनी विजेच्या कितीतरी आधी शोधला होता. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते. तार आणि घोडी यांमध्ये बारीक दोरा योग्य जागी सरकवला की जवारी लागते आणि मंद खर्ज झगमगू लागतो. १९२१ साली कलकत्त्याला चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांचा अभ्यास केला, तेव्हा यंग यांचा नियम येथे चालत नाही असे त्यांना आढळले. ज्या संनादीच्या निस्पंदावर तार छेडली, तो संनादीही स्पष्ट ऐकू आला! प्रत्येक कंपनात तार बाकदार घोडीला टेकत-सुटत राहते, त्यामुळे खालच्या स्वरांची ऊर्जा वरच्या संनादींत वाटली जाते.

धारित्राचा उपाय वजाबाकीचा आहे, जवारीचा वाटपाचा. ही जवारी काढण्याची कला जेथे पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, त्या मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला.

भोंग्यापासून भिंतीपर्यंत

पूर्वी मिरवणुकीत बँजो भोंग्यातून वाजे. भोंग्याचा आकार लहान असल्याने फार खालचे स्वर त्यातून बाहेरच पडत नाहीत. आवाज कर्कश येई, पण गाणे दूरवर ओळखू येई. भोंगा ही नकळत बसवलेली गाळणीच होती. मोठ्या पेट्यांच्या भिंती आल्या आणि ही गाळणी गेली. खर्ज पूर्ण ताकदीने बाहेर पडू लागला, सूर झाकला गेला, सूर ऐकू यावा म्हणून आवाज वाढला.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दर १० डेसिबलला ध्वनीची शक्ती दहा पट होते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. कानातील ज्या रोमपेशी मोठ्या आवाजाने मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीत पेट्यांच्या सर्वांत जवळ नाचणारी मुले बहुतेक वेळा आपल्याच वर्गातली असतात.

वर्गात करून पाहा

शाळेतील सोनोमीटरला पोलादी तार लावा. प्रथम ती मध्यावर आणि मग टोकाजवळ छेडून दोन आवाजांतील फरक मुलांना सांगू द्या. नंतर एका लहान चुंबकाभोवती बारीक इनॅमल तारेचे हजारभर वेढे घेऊन वेटोळे करा आणि ते बॅटरीवर चालणाऱ्या लहान अ‍ॅम्प्लिफायरला जोडा. मुख्य विजेवरचे उपकरण उघडू नये. वेटोळे तारेच्या मध्याखाली, चतुर्थांशावर आणि टोकाजवळ ठेवून ऐका. मग निरनिराळी धारित्रे एकसरीत जोडून ऐका. प्रत्येक वेळी प्रथम अंदाज लिहून घ्यावा, प्रयोग नंतर करावा.

यानंतर एक प्रश्न मुलांवर सोपवावा: गावातल्या बँजोवाल्यांचा आवाज न वाढवता त्यांचे गाणे शेवटच्या गल्लीपर्यंत ओळखू यावे, यासाठी तुम्ही काय बदलाल? वेटोळ्याची जागा, त्याची उंची, धारित्र, की पेट्या? उत्तरे बँजोवाल्यांनाच जाऊन दाखवावीत. त्यांच्या हातांना जे वर्षानुवर्षे ठाऊक आहे, त्याच्याशी ती ताडून पाहता येतील.