दोष गाण्याचा की कानाचा?

आकाशवाणीचे केंद्र सुरू होताना तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनची जी संथ सुरावट ऐकू येते, ती न ओळखणारे घर विरळाच. मुंबईच्या बिऱ्हाडांत काय किंवा पनवेलजवळच्या विचुंब्यासारख्या गावी काय, कित्येकांचा दिवस तिनेच उजाडला आहे. जाणकारांस तीत शिवरंजनीची छाया दिसते. परंतु ही सुरावट ज्यांच्या नावे सांगितली जाते, ते वाल्टर कॉफमन आपल्या कोणत्याही घराण्याचे शागीर्द नव्हते.

१ एप्रिल १९०७ रोजी बोहेमियातील कार्ल्सबाड येथे एका जर्मनभाषी ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हा मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. बर्लिनमध्ये फ्रान्स श्रेकर यांच्यापाशी त्यांनी संगीतरचनेचे धडे घेतले. रचना करावी व वाद्यवृंद चालवावा, असा त्यांच्या आयुष्याचा मार्ग आखलेला होता. तथापि १९३३ च्या जानेवारीत सत्ता हिटलरच्या हाती गेली आणि ज्यू कलावंतांना जर्मनीतील रंगमंच बंद झाले. १९३४ मध्ये कॉफमन मुंबईस आले.

येथवरची हकीकत निर्वासिताची. पुढची विद्यार्थ्याची आहे. आपले संगीत त्यांनी प्रथम ध्वनिमुद्रिकांतून ऐकले, तेव्हा ते त्यांना अगदी परके व अनाकलनीय वाटले. असा अनुभव आलेले युरोपीय पुष्कळ होते, आणि बहुतेकांनी तेवढ्यावर निकालही देऊन टाकला. कॉफमन यांनी वेगळा विचार केला. हृदय व बुद्धी असलेल्या माणसांनी हे संगीत घडविले, लाखो लोक त्यावर प्रेम करतात. तेव्हा उणीव आपल्याच ठायी असली पाहिजे, आणि ती दूर करण्यासाठी त्या देशीच गेले पाहिजे!

मुंबईत त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापिली. व्हायोलिनवादक मेहली मेहता तीत त्यांचे सहकारी होते. १९३७ ते १९४६ या काळात मुंबई नभोवाणीवरील युरोपीय संगीताची व्यवस्था कॉफमन पाहत. एका कानाने मोझार्ट, दुसऱ्याने ख्याल, असा हा दुहेरी अभ्यास चालला होता.

त्या अभ्यासाचे मर्म आकाशवाणीच्या सुरावटीत सापडते. पाश्चात्त्य पद्धतीत अनेक स्वर एकाच वेळी उभे करून त्यांचा मेळ साधतात. आपल्याकडे एका षड्जाच्या आधारे एकच सूर वाट काढीत जातो. व्हायोलिन तिकडचे, पण त्याच्याखाली स्वरमेळाचा डोलारा न रचता केवळ तंबोरा ठेवला आहे. पाहुण्याने यजमानाच्या घरची बैठक मोडली नाही.

१९४६ मध्ये ते इंग्लंडला व तेथून कॅनडास गेले. १९४८ पासून विनिपेगच्या वाद्यवृंदाचे ते पहिले संचालक होते. १९५७ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले. इतक्या दूर जाऊनही मुंबईत लागलेला छंद सुटला नाही. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९६८ मध्ये आणि दक्षिणेतील रागांवरील १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या स्वतःच्या रचना बरीच वर्षे विस्मृतीत पडून होत्या. त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रण टोरांटोच्या कलावंतांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले.

ज्या राजवटीने त्यांना घालविले, ती परक्या रक्ताचा सूर ऐकण्यासही तयार नव्हती. तिला कॉफमन यांनी दिलेले उत्तर वादाचे नव्हते. परका सूर कळेपर्यंत ऐकत राहणे, एवढेच ते होते.