तीन राज्यं, तीन टीमा : हुमनाबादकडून पाहिलेला फुटबॉल

आपल्या मंडळात आजवर जे निबंध वाचले गेले ते बहुतेक माणिकप्रभूंवर, वीरभद्रेश्वराच्या जत्रेवर, नाहीतर निजामाच्या काळातल्या महसुलावर. फुटबॉलवर लिहितो म्हटल्यावर दोघातिघांनी हसून विचारलं, हुमनाबादला फुटबॉल कुठून आला? प्रश्न बरोबर आहे. आपल्या गावाने काही ऑलिम्पिकचा खेळाडू दिलेला नाही. पण खेळ फक्त मैदानावरच असतो असं नाही. बातमी वाचणारा, स्कोर विचारणारा, आपली टीम हरली की जेवताना गप्प बसणारा, असा माणूसही खेळाच्या इतिहासात धरला पाहिजे. लहान गावात तर तोच जास्त असतो. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

आधी रस्त्याचं बघू. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर हुमनाबाद जवळजवळ मधोमध येतं. दोन्ही शहरं दीडशे किलोमीटरच्या आसपास. बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्गाचं उद्घाटन झालं २९ ऑक्टोबर २०१७ला, म्हणजे अगदी काल-परवा. त्याआधी जे काही आलं ते या रस्त्यानेच आलं : व्यापारी, यात्रेकरू, वर्तमानपत्रं, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरकडून निघालेलं भारतीय लष्करसुद्धा. त्यामुळे इथल्या माणसाचे कान दोन्हीकडे असायचे. पूर्वेकडून हैदराबादची बातमी यायची, पश्चिमेकडून सोलापूर-मुंबईची.

दुसरी गोष्ट भाषेची. निजामाच्या राज्यात वरच्या शाळांचं माध्यम उर्दू होतं. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिकवणं उर्दूतूनच चाले. म्हणून घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कागदावर उर्दू अशी एक पिढीच्या पिढी आपल्या भागात होती. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आजोबांची सही उर्दूत आहे, घरातले जुने कागद काढून बघा. या पिढीला हैदराबादचा उर्दू पेपर परका नव्हता. आणि हैदराबादच्या पेपरात त्या काळी फुटबॉल भरपूर असे.

कारण हैदराबादची टीमच तशी होती. हैदराबाद सिटी पोलीस या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं जिंकला. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत पुन्हा सुरू झालेला ड्युरँड कपही १९५० साली त्यांनीच नेला. या टीमचे कोच सय्यद अब्दुल रहीम. मूळचे शाळामास्तर, उस्मानियाचे पदवीधर. त्यांची शिकवायची तऱ्हा मास्तराचीच होती. ड्रिब्लिंग न करता खेळायच्या मॅचेस, फक्त कमजोर पायाने खेळायच्या मॅचेस, अशा स्पर्धा ते भरवत. बॉल पायात अडकवून ठेवायचा नाही, लगेच जोडीदाराला द्यायचा, हा त्यांचा धडा. हेच रहीम पुढे देशाचे कोच झाले. १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जकार्त्यात भारताने आशियाई खेळांचं सुवर्णपदक मिळवलं ते त्यांच्या हाताखाली. ११ जून १९६३ला ते वारले. नंतर कितीतरी वर्षं त्यांचं नाव फारसं कुणी घेत नव्हतं. २०२४ साली ‘मैदान’ हा हिंदी सिनेमा आला तेव्हा तरण्या पोरांना ते कळलं.

आता १९५० हे साल नीट बघा. दोनच वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात काय झालं होतं? मे १९४८ मध्ये गोर्टा गावात रझाकारांनी केलेली कत्तल. मग सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन, आणि त्यानंतर बीदर, गुलबर्गा, उस्मानाबाद या भागांत मुसलमान वस्त्यांवर झालेले हल्ले. त्यांची चौकशी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती दिल्लीहून पाठवावी लागली. दोन्ही बाजूंच्या घरांत माणसं गेली होती. जखमा ओल्या होत्या. शेजारी शेजाऱ्याकडे बघून बोलत होता की नाही, हा प्रश्न होता.

अशा वेळी एक टीम मुंबईत जाऊन कप घेऊन येते. तिच्या नावात हैदराबादही आहे आणि पोलीसही आहे. खेळाडूंत मुसलमान बरेच, बरोबर बाकीचेही. हा कप कुणाचा म्हणायचा? तो आपला म्हणता येत होता, आणि तेही सगळ्यांना. फुटबॉलने गावातलं वैर मिटवलं असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल, आणि गेलेल्यांचा अपमानही. माझं म्हणणं एवढंच की ज्या दिवसांत एकमेकांशी काय बोलावं हे कळत नाही, त्या दिवसांत मॅचचा स्कोर बोलता येतो. चहाच्या हाटेलात एकाने पेपर मोठ्याने वाचला की ऐकणारा कोण, कुठल्या आळीचा, हे कुणी विचारत नाही. दोस्ती पुन्हा सुरू व्हायला एवढं निमित्तही पुरतं.

मग आली १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख. हैदराबाद संस्थानाचं राज्य मोडलं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्रात, आणि गुलबर्गा, रायचूर, बीदर म्हैसूर राज्यात. आपला बीदर जिल्हा तर स्वतःच तीन जागी फाटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबईकडे गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्राकडे. हुमनाबाद, भालकी, बीदर म्हैसूरकडे. ज्यांच्या लेकी उदगीरला दिल्या होत्या आणि ज्यांची उधारी जहिराबादच्या बाजारात होती, त्यांना एका दिवसात दोन्हीकडे परमुलूख झाला.

बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर १९५६ला, मेलबर्नच्या ऑलिम्पिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. नेव्हिल डिसूझा या गोव्याच्या घराण्यातल्या, मुंबईला खेळणाऱ्या पोराने तीन गोल मारले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. पुढे सेमीफायनलला युगोस्लाव्हियाने आणि ब्राँझच्या मॅचला बल्गेरियाने हरवलं, भारत चौथा आला. पण त्या टीमची यादी बघण्यासारखी आहे. हैदराबादकडचे नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, झुल्फिकारुद्दीन, तुलसीदास बलराम. मुंबईचा नेव्हिल. म्हैसूरकडचा केंपय्या. कोच रहीम. ज्या तीन राज्यांत आपला मुलूख महिन्यापूर्वीच वाटला गेला होता, त्या तिन्हीकडची पोरं एका टीममध्ये!

संतोष ट्रॉफी मात्र राज्याराज्यांत होते, आणि तिथे खरी पंचाईत. १९५६-५७ आणि १९५७-५८ या लागोपाठच्या दोन्ही फायनल हैदराबाद आणि मुंबई यांच्यात झाल्या. दोन्ही हैदराबादने जिंकल्या. राज्य संपलं होतं, टीमचं नाव तेवढं उरलं होतं! आता हुमनाबादच्या मराठी माणसाने कुणाच्या बाजूने राहायचं? भाषा म्हणाल तर मुंबई. सवय म्हणाल तर हैदराबाद. आणि रेशनकार्ड, शाळा, तहसील या हिशोबाने टीम म्हैसूरची. म्हैसूरही काही कच्ची नव्हती. १९४६ आणि १९५२ साली त्यांनी बंगालला हरवून हीच ट्रॉफी घेतली होती, आणि १९६७ व १९६८ साली पुन्हा घेतली.

सीमाभागातल्या माणसाला ‘तुम्ही नेमके कुठले?’ असं कुणी विचारलं की एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि पुष्कळांना तो दोष वाटतो. मला वाटतं तीन टीमा असणं हे त्याचंच साधं रूप आहे. सर्व्हेच्या नकाशात गावाला एकच राज्य असतं. माणसाला तशी सक्ती नाही. माणिकप्रभूंनी (१८१७-१८६५) मराठीतही पदं केली, कन्नडातही आणि हिंदीतही, आणि त्यांच्या संप्रदायाला सकलमत म्हणतात. तेव्हा आपल्या गावाला हे काही नवं नाही.

तुलनेसाठी कोल्हापूरकडे बघावं. मराठी मुलुखात फुटबॉल खऱ्या अर्थाने गावाच्या अंगात भिनला तो तिथे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, दिलबहार, अशा पेठांच्या टीमा. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठ रिकामी. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. तिथे टीम ही पेठेची, म्हणजे जन्मावर ठरलेली. इथे तसं नाही. इथे टीम निवडावी लागते, आणि ती बहुतेक दोस्ताच्या नादाने निवडली जाते.

हे १९८६ला आम्ही स्वतः अनुभवलं. टीव्ही आपल्या भागाला शेजारून माहीत होता. उपग्रहाद्वारे खेड्यांत टीव्ही दाखवायचा १९७५-७६चा सरकारी प्रयोग गुलबर्गा जिल्ह्यात झालेला होता. मेक्सिकोच्या वर्ल्ड कपच्या दुपारच्या मॅचेस आपल्याकडे रात्री साडेअकराला लागायच्या. २२ जूनची अर्जेंटिना-इंग्लंड आणि २९ जूनची फायनल, दोन्ही त्याच वेळेच्या. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी सगळे. एक घरात मराठी बोलणारा, एक कन्नड, दोघं दखनी. मॅराडोनाचं नाव चौघं चार तऱ्हेने घ्यायचे. पावसाळा तोंडावर, लाईट जायची, आणि मग उरलेली मॅच आम्ही अंधारात तोंडानेच खेळायचो. त्यातला एक पश्चिम जर्मनीच्या बाजूने होता, का, तर बाकीचे सगळे अर्जेंटिनाचे म्हणून. कुणीतरी समोर पाहिजेच ना!

१९८३च्या वर्ल्ड कपनंतर क्रिकेटने सगळं व्यापलं, आणि हैदराबादचा फुटबॉलही मागे पडला. तरी ती तिकटी पुढेही दिसली. नव्या आयएसएल लीगमध्ये २०१८-१९ला बंगळुरू एफसी जिंकली, २०२०-२१ला मुंबई सिटी, आणि २० मार्च २०२२ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर हैदराबाद एफसी. पुन्हा त्याच तीन दिशा. मोबाईलवर बघणाऱ्या आपल्या पोरांत तिन्हींचे भक्त आहेत, आणि त्यांची भांडणं बसस्टँडसमोर ऐकायला मिळतात.

शेवटी मंडळींना एक विनंती. घरात जुन्या शाळेच्या टीमचा फोटो असेल, ड्रिल मास्तरांचं प्रमाणपत्र असेल, पेपरातलं रोव्हर्स कपचं कात्रण वहीत चिकटवलेलं असेल, तर ते पुढच्या बैठकीला घेऊन या. उर्दूत असलं तरी चालेल. वाचणारी दोन-तीन माणसं अजून आपल्यात आहेत, त्यांच्याकडून आताच वाचून घेऊ.